एका आडनावाच्या तीन नेमप्लेटी

कवठे महांकाळच्या बाजारात पंपाच्या दुकानासमोर उभा राहून शेतकरी "किर्लोस्करचं दाखवा" म्हणतो, तेव्हा त्याच्या लेखी किर्लोस्कर एकच असतो. विहिरीवर जाऊन नेमप्लेटी वाचल्या की गोष्ट निराळी दिसते. डिझेल इंजिनावर किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, पंपावर किर्लोस्कर ब्रदर्स, विजेची मोटर असेल तर तिच्यावर कदाचित किर्लोस्कर इलेक्ट्रिक. अश्वशक्ती आणि हेडचे आकडे ठळक असतात, कंपनीचं पूर्ण नाव चिखल पुसल्याशिवाय वाचता येत नाही.

इथे दोन अधिकार वेगळे केले पाहिजेत. संस्थापकाचा अधिकार वस्तू घडवण्यातून येतो, मातृकंपनीचा भागभांडवलातून. लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे पहिला भरपूर होता. बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापण्याचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी तेव्हा समजूत होती, त्यामुळे नांगर विकण्याआधी पटवावा लागला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा 32 एकर माळ दिला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी झाली.

खरी गुंतागुंत 1946 पासूनची. अमेरिकेत एमआयटीत शिकून आलेले लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांच्या पुढाकाराने पुण्यात ऑइल इंजिन्स निघाली, त्याच वर्षी बंगळूरला इलेक्ट्रिक. वाडीच्या कारखान्यातच नवं खातं का उघडलं नाही? स्वतंत्र कंपनीला स्वतःचं भांडवल उभारता येतं, परदेशी तंत्रसहकार तिच्यापुरता करता येतो आणि एक बुडाली तरी दुसरी तिच्यासोबत बुडत नाही. हिशोब चोख होता. मात्र सगळ्यांना बांधणारा दुवा कागदापेक्षा माणसात जास्त राहिला. तो माणूस म्हणजे शंतनुराव.

भागभांडवल कसं बोलतं, हे कमिन्सकडे पाहून कळतं. 1962 मध्ये अमेरिकी कंपनीशी भागीदारीत किर्लोस्कर कमिन्स निघाली. 1990च्या दशकात किर्लोस्कर बाहेर पडले, पाटीवरचं त्यांचं नाव उतरलं आणि कमिन्स इंडिया उरली. ज्याचे शेअर त्याची पाटी, वाद संपला.

घरच्या कंपन्यांत तसं झालं नाही. 1994 मध्ये शंतनुराव गेले. 2009 मध्ये कुटुंबीयांनी करारनामा करून कंपन्यांचं व्यवस्थापन वाटून घेतलं. 2017 मध्ये ऑइल इंजिन्सने पंप बनवणारी ला-गज्जर मशिनरीज घेतली, तेव्हा एकमेकांच्या धंद्यात उतरायचं नाही असं ठरलं होतं, हा ब्रदर्सच्या बाजूचा आक्षेप. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, करारावर सह्या व्यक्तींच्या आहेत, कंपनी त्याने बांधली जात नाही. मला हा मुद्दा भाऊबंदकीपेक्षा मोठा वाटतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत हजारो परक्या भागधारकांचाही पैसा असतो, मग संस्थापकाच्या पतवंडांनी घरात बसून ठरवलेलं त्यांच्यावर किती लागू व्हावं? आणि 'किर्लोस्कर' हे नाव? त्याची मालकी या तिघींपैकी कुणाचीच नाही. ती किर्लोस्कर प्रोप्रायटरी लिमिटेड या आणखी एका कंपनीकडे आहे.

दुकानदाराला यातलं एवढंच माहीत असावं लागतं, की इंजिन बंद पडलं तर गिऱ्हाइकाला कुठल्या सर्व्हिस सेंटरला धाडायचं आणि पंपाने पाणी सोडलं तर कुठल्या.