वतनपत्रे, संकल्प आणि 'मी कोण' हा प्रश्न

जुन्या महजरांच्या शेवटी गोताच्या ज्या साक्षी असतात, त्यांकडे संग्राहकांचे लक्ष मजकुराच्या मानाने कमी जाते. मोकदमाच्या नावापाशी नांगर, शेट्याच्या नावापाशी तराजू, सुताराच्या नावापाशी त्याचे हत्यार, अशा निशाण्या तेथे काढलेल्या आढळतात. ज्यास लिहिता येत नाही त्याची ती सोय होती हे खरे. परंतु 'मी कोण' या प्रश्नास गावकीने दिलेले उत्तरही तेच होते. आम्ही ज्या गडमुडशिंगीत हे लिहीत आहोत, तशा करवीर प्रांतीच्या गावांत पाटील, कुळकर्णी व बलुतेदार यांची ओळख त्यांच्या वतनाशी अशीच जखडलेली असे.

गावकीने दिलेली ओळख निशाणीत, तशी धर्माने दिलेली ओळख संकल्पात. संकल्पात प्रथम देशकालाचा उच्चार, मग गोत्र, मग नाव. आणि नावास शर्मा, वर्मा, गुप्त, दास यांपैकी वर्णपरत्वे जे पद लागेल ते. कर्मास आरंभ होण्यापूर्वीच यजमानास आपण कोण हे पुरोहिताच्या मुखातून ऐकावे लागे. मंत्रांचेही तसेच. ज्यास उपनयनाचा अधिकार त्यास वेदोक्त, इतरांस पुराणोक्त, असा संप्रदाय होता.

१८९९ सालच्या कार्तिकात शाहू छत्रपती पंचगंगेवर स्नानास गेले असता पुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणत आहे, ही गोष्ट समवेत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी निदर्शनास आणिली. नदी तीच, यजमान तोच. पण मंत्राच्या भेदाने राज्याचा धनी शूद्र ठरत होता. प्रश्न नवा नव्हता. १६७४ साली राज्याभिषेकापूर्वी शिवछत्रपतींचे उपनयन करावे लागले, ते याच कारणाने. साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांच्या कारकीर्दीतही हा वाद झाला होता. कोल्हापुरी तो विकोपास गेला. 'केसरी'ने १९०१ साली 'वेदोक्ताचे खूळ' या मथळ्याखाली त्यावर लिहिले; वेदोक्त कर्म करण्यास नकार देणाऱ्या राजोपाध्यांची वतने १९०२ साली जप्त झाली; आणि १९०५ साली करवीर पीठाच्या शंकराचार्यांनी महाराजांचा अधिकार मान्य केला.

येथे एक गोष्ट ध्यानी धरण्याजोगी आहे. आरंभी महाराजांची मागणी जुन्या चौकटीत वरचे स्थान मिळावे एवढीच होती. पुढे त्यांनी चौकटीलाच हात घातला. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या, आणि १९१८ साली कुळकर्णी वतने व महार वतने रद्द झाली. ज्याच्या हाती राज्य त्याचीही ओळख दुसऱ्याच्या जिभेवर अवलंबून असेल, तर ज्याच्या हाती काहीच नाही त्याची गत काय, हा विचार या निर्णयांच्या मुळाशी असावा असा आमचा तर्क आहे. वतन गेले आणि निशाणीचा आधारही गेला.

आता काळाने वेगळेच वळण घेतले आहे. २०२३ साली राज्य सरकारने न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमून कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, आणि मोडी वाचणारांस एकाएकी मागणी आली. ज्या समाजातील पुढाऱ्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी क्षत्रियत्वाचा पुरावा धुंडाळला, त्याच समाजातील अनेक कुटुंबे आज 'कुणबी' हा शब्द धुंडाळीत आहेत. यात विसंगती पाहून हसणारे हसोत. आम्हांस त्यात हसण्याजोगे काही दिसत नाही. एकाच घराण्यातला पुरुष महजरात मोकदम, जमीनमहसुलाच्या नोंदीत कुणबी आणि लग्नविधीत क्षत्रिय असू शकतो. तिन्ही नोंदी खऱ्या असू शकतात. ज्या कामासाठी कागद लिहिला गेला त्या कामापुरतेच उत्तर त्यात उतरते. मनुष्य मात्र त्या तिन्हींहून मोठा असतो.

म्हणून आमची संग्राहकांस विनंती एवढीच की, कागदातील जातिवाचक शब्द उतरून घेताना तो कोणी लिहिला, कोणासमोर लिहिला व कोणत्या कामासाठी लिहिला, हेही त्याच टिपणात नोंदवावे. निशाणी असल्यास तिचे चित्र काढावे. 'निशाणी आहे' एवढे लिहून भागत नाही. आज त्या एका शब्दावर एखाद्या मुलाचे शिक्षण वा नोकरी अवलंबून असेल. तेव्हा प्रसंगाविना उतरलेला शब्द अर्धा पुरावा होय, आणि अर्ध्या पुराव्याने माणसाची ओळख ठरविण्याचा अनर्थ पंचगंगेच्या घाटावर एकदा होऊन गेलेला आहे.