हत्तीवरून तुटलेला स्नेह
ब्रह्मेंद्रस्वामी, सिद्दी सात आणि १७२७ ची महाशिवरात्र

८ फेब्रुवारी १७२७. महाशिवरात्रीचा दिवस. चिपळूणजवळ डोंगरावर असलेल्या परशुरामाच्या देवळात उत्सवाची गर्दी होती. अंजनवेल आणि गोवळकोट ही ठाणी सांभाळणारा जंजिऱ्याचा सरदार सिद्दी सात त्या दिवशी माणसे घेऊन देवळावर चालून आला. देवस्थान लुटले गेले, मूर्तीची विटंबना झाली, आणि पुरलेले द्रव्य दाखवावे म्हणून तिथल्या ब्राह्मणांना मारहाण झाली. शाळेच्या पुस्तकांतून आणि कीर्तनांतून ही घटना आपल्यापर्यंत पोचली ती धर्मद्वेषाचा नमुना म्हणून. ज्या देवळावर सिद्दी चालून गेला त्याला इनाम गावे सिद्द्यांनीच दिली होती, हा तपशील सांगताना सहसा गळतो. या लेखाचा विषय तो तपशील आहे.

परशुराम क्षेत्राची उभारणी ब्रह्मेंद्रस्वामींची. मूळ नाव विष्णुपंत, मूळ गाव वऱ्हाडातले दुधेवाडी. सतराव्या शतकाच्या अखेरीस ते कोकणात आले आणि परशुरामाच्या रानात राहिले. श्रावणाचा महिना ते समाधीत बसत आणि इतर वेळी भिक्षेसाठी दूरदूर फिरत. या भिक्षेतून देवळाचा खर्च चाले आणि द्रव्यही साठे. पुढे खुद्द बाजीराव पेशवे त्यांचे कर्जदार झाले, यावरून ही भिक्षा किती मोठी होती हे लक्षात यावे. श्रीवर्धनच्या भटांचे, म्हणजे बाळाजी विश्वनाथ यांचे घराणे त्यांचे शिष्य. कुलाब्याचे कान्होजी आंग्रे त्यांचे भक्त. आणि जंजिऱ्याचे सिद्दीही त्यांना मान देणारे. सिद्द्यांची गलबते स्वामींच्या आशीर्वादाने सापडली, अशी एक कथाही सांगितली जाते. कथा बाजूला ठेवली तरी देवस्थानाकडे पेढे आणि आंबडस ही गावे सिद्द्यांकडून आली, ही नोंद उरते.

तेव्हाचा कोकण डोळ्यांसमोर आणल्याशिवाय या स्नेहाचे मोल कळत नाही. राजपुरीच्या खाडीत जंजिरा, उत्तरेला अलिबागेसमोर कुलाबा, आणि अधल्यामधल्या मुलखात कुणाचा अंमल कुठे संपतो हे सांगणे कठीण. कित्येक गावांत दुअंमली होती. एकाच रयतेकडून अर्धा वसूल सिद्दी घेई, अर्धा मराठे. रायगड १६८९ मध्ये मोगलांनी घेतल्यावर सिद्द्याच्या ताब्यात गेला होता. आंगरे आणि सिद्दी यांचे आरमार समुद्रावर एकमेकांना पाण्यात पाहत होते, आणि जमिनीवर दोघांच्या जकातीच्या चौक्या वाटेवाटेवर बसल्या होत्या. अशा मुलखात दोन्हीकडे पाय ठेवू शकेल असा माणूस एकच, आणि तो म्हणजे संन्यासी. आंग्र्याने सिद्द्याला काही सांगायचे, किंवा सिद्द्याने आंग्र्याकडून काही सोडवायचे, तर मध्ये स्वामी. स्नेह भक्तीचा होता तसाच सोयीचाही होता. सोयीचा होता म्हणून तो खोटा ठरत नाही.

मग हत्ती आला. सावनूरच्या नवाबाकडून सिद्दी साताला एक हत्ती मिळायचा होता, आणि स्वामींची भिक्षेची फेरी त्या बाजूला असल्यामुळे तो आणण्याच्या कामी त्यांची मध्यस्थी होती. हत्ती सिद्द्याच्या माणसांबरोबर कोकणात उतरत असताना आंग्र्यांच्या चौकीवर अडवला गेला आणि आंग्र्यांच्या लोकांनी तो ताब्यात घेतला. सिद्द्याचा माल म्हटल्यावर चौकीवरच्या शिपायांनी जे केले ते त्यांच्या रोजच्या कामापैकी होते. पण सिद्दी साताच्या मनाने निराळाच हिशोब मांडला. स्वामी आंग्र्यांचे गुरू, हत्ती स्वामींच्या हातून यायचा, आणि पकडला आंग्र्यांनीच. म्हणजे स्वामी आतून त्यांना सामील. एवढ्यावर त्याने महाशिवरात्र गाठली.

संशय खरा होता का? स्वामींच्या वर्तनाकडे पाहिले तर तसे वाटत नाही. दोन्ही दरबारांतली ऊठबस हेच ज्याचे भांडवल, तो एका जनावरापायी ते बुडवणार नाही. शिवाय हत्ती सोडवून सिद्द्याला परत मिळावा म्हणून स्वामींनी कान्होजींकडे खटपट केली, असेच त्यांच्या चरित्रात येते. तरीही सिद्दी साताच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी. हत्ती ही तेव्हा नुसती किमती वस्तू नव्हती. दारात हत्ती झुलणे म्हणजे सरदारकीची खूण. तो भर वाटेत काढून घेतला गेल्याने त्याची जी नाचक्की झाली, ती शेजारपाजारच्या सगळ्या ठाण्यांना दिसली. आंग्र्यांच्या किल्ल्यांवर चालून जाण्याचे बळ त्याच्यापाशी नव्हते. देऊळ मात्र त्याच्या गोवळकोटापासून हाकेच्या अंतरावर होते, आणि तिथे राखणीला फौज नव्हती. राग शत्रूवरचा होता, पण तो काढला मित्रावर, कारण मित्र जवळ होता. यात देवळात मार खाणाऱ्यांचा काय दोष होता, हा प्रश्न त्या रागाला पडला नाही.

इथे एका चित्रपटाची आठवण होते. मार्टिन मॅकडोना यांचा २०२२ चा ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’ घडतो १९२३ साली, आयर्लंडच्या किनाऱ्यालगतच्या एका काल्पनिक बेटावर. कोल्म हा फिडल वाजवणारा एके दिवशी आपल्या जुन्या मित्राशी, पॉड्रिकशी, बोलणे थांबवतो. भांडण झालेले नाही. त्याला उरलेल्या आयुष्यात संगीत रचायचे आहे आणि पॉड्रिकच्या गप्पांत वेळ घालवायचा नाही, इतकेच. तू मला त्रास दिलास तर मी माझीच बोटे तोडीन, अशी धमकी तो देतो आणि खरी करतो. त्यातले एक बोट घशात अडकून पॉड्रिकची लाडकी गाढवीण मरते, आणि मग घर पेटते. समोरच्या मुख्य भूमीवर यादवी युद्धाच्या तोफा ऐकू येत असतात. प्रेक्षक अर्ध्या चित्रपटापर्यंत हसतो, पुढे त्याला हसता येत नाही.

त्या कथेत एक मुके जनावर आणि आपल्याकडे एक मुके जनावर, एवढ्या साम्यावर मी ती आणलेली नाही. त्या बेटावर पाळायला दुसरा मित्र नाही आणि टाळायला दुसरा रस्ता नाही. १७२७ च्या कोकणातही तसेच होते. एका डोंगरावर देऊळ, खाली वाशिष्ठीच्या काठी ठाणे. जिथे माणसे रोज एकमेकांच्या नजरेस पडतात तिथे अबोला निमूट राहत नाही. चित्रपटातले दोघे पलीकडच्या युद्धाचे कारण होत नाहीत. आपल्याकडे मात्र तुटलेला स्नेह चालून जाऊन युद्धाला मिळाला.

कान्होजींनी स्वामींची मनधरणी केली, पण त्यांनी कोकण सोडले आणि साताऱ्याजवळ धावडशीला मठ केला. धावडशी छत्रपतींच्या दारात. तिथून त्यांची पत्रे सुटू लागली, शाहू महाराजांना, पेशव्यांना, आंग्र्यांना. विषय अनेक असत, पण सिद्द्याचे पारिपत्य त्यांत पुन्हापुन्हा येते. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. १७३३ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी रसूल मरण पावला, वारसांत तंटा लागला, आणि बाजीराव राजपुरीवर उतरले. ८ जून १७३३ रोजी प्रतिनिधींच्या लोकांनी रायगड परत मिळवला. याच सुमारास कान्होजींचे पुत्र सेखोजी वारले आणि संभाजी व मानाजी या भावांत फूट पडली. १७३५ मध्ये कुलाबा मानाजीकडे आणि विजयदुर्ग संभाजीकडे अशी वाटणी झाली. सिद्द्यावर एकत्र चालून जायचे तर आंगरे आता एकत्रच नव्हते.

शेवट झाला रेवसला. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आज जिथे लाँचा लागतात, त्या मुलखात १९ एप्रिल १७३६ रोजी चिमाजी आप्पांनी सिद्दी साताला गाठले आणि तो लढाईत मारला गेला. साताऱ्यात आनंदोत्सव झाला. स्वामींचे समाधान झाले असणार. हत्ती अडवल्याला तोवर दहा वर्षे होत आली होती.

या सगळ्या युद्धाचे कर्तेपण स्वामींच्या पत्रांना देणे हे अति होईल. रायगड परत घेणे ही शाहू महाराजांची गरज होतीच, आणि वारसांचा तंटा पेशव्यांना आयता मिळाला. द. ब. पारसनीसांनी १९०० मध्ये स्वामींचे चरित्र काढले ते भक्तिभावाने. राजवाड्यांनी त्याच पत्रव्यवहाराकडे कठोर नजरेने पाहिले. सरदेसायांनी राजकारणाच्या चौकटीत तो बसवला. तिघांच्याही लेखनात वाद आहे तो स्वामी थोर की स्वार्थी हा. सिद्दी सात तिथे केवळ खलनायकाच्या जागी उभा राहतो, आणि त्याआधीची वीसपंचवीस वर्षे एका ओळीत आटोपतात.

ती ओळ मोठी करून वाचायला हवी, असे मला वाटते. महाशिवरात्रीच्या अत्याचाराला हत्तीचे निमित्त दाखवून तो लहान करता येत नाही. देऊळ फुटले ते फुटले. पण दोन धर्मांची माणसे इथे पहिल्यापासून वैरीच होती, हे म्हणायलाही पुरावा नाही. पुरावा आहे तो पेढे आणि आंबडसच्या इनामाचा, चौक्यांमधून ये-जा करणाऱ्या एका संन्याशाचा, आणि विश्वासाने त्याच्या मध्यस्थीवर सोडलेल्या हत्तीचा. वैर जुने असते तर सिद्दी साताने ते काम त्यांच्यावर सोपवलेच नसते. फसवणूक झाली असे त्याला वाटले, ते आधी भरवसा होता म्हणून.

स्वामी १७४५ मध्ये धावडशीला समाधिस्थ झाले. जंजिरा मराठ्यांना कधीच घेता आला नाही. १९४८ मध्ये तो संस्थान म्हणून विलीन झाला. परशुरामाचे देऊळ उभे आहे. त्याच्या घुमटाच्या बांधणीवर मुसलमानी वास्तुशैलीची छाप दिसते, ती पाहायला कुणी मुद्दाम थांबत नाही.