‘रेन मॅन’ : दोन भावांचा प्रवास

‘रेन मॅन’ हा बॅरी लेव्हिन्सन यांनी दिग्दर्शित केलेला आणि डिसेंबर १९८८मध्ये प्रदर्शित झालेला अमेरिकी चित्रपट. एकमेकांना अनोळखी असलेल्या दोन सख्ख्या भावांची ही कथा. त्यांपैकी थोरला भाऊ स्वमग्न आहे. ‘ऑटिझम’ हा शब्द तोवर प्रामुख्याने डॉक्टर, विशेष शिक्षक आणि अशा मुलांचे पालक यांच्यापुरता सीमित होता. तो सर्वसामान्य प्रेक्षकांच्या बोलण्यात आणण्याचे मोठे श्रेय या चित्रपटाकडे जाते. मात्र, स्वमग्न व्यक्ती म्हणजे आकड्यांचे चमत्कार करणारी व्यक्ती, हा गैरसमज रूढ होण्यासही हाच चित्रपट मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरला.

कथानक

चार्ली बॅबिट (टॉम क्रूझ) हा लॉस एंजेलिसमध्ये परदेशी आलिशान मोटारींचा व्यवसाय करणारा, कर्जात बुडालेला तरुण. कुमारवयात वडिलांची मोटार न विचारता बाहेर काढल्यावरून त्यांच्याशी झालेले भांडण त्याने कायम मनात ठेवलेले असते. वडिलांच्या निधनानंतर तो सिनसिनाटीला जातो, तेव्हा मृत्युपत्रानुसार त्याच्या वाट्याला १९४९ची तीच ब्यूक मोटार आणि गुलाबाची झाडे येतात. उरलेले तीस लाख डॉलर वॉलब्रुक या निवासी संस्थेकडील विश्वस्त निधीत जातात. त्याचा लाभार्थी असतो तेथे वर्षानुवर्षे राहणारा रेमंड (डस्टिन हॉफमन). आपल्याला थोरला भाऊ आहे, हे चार्लीला तेव्हा प्रथमच कळते.

संपत्तीचा निम्मा वाटा मिळविण्यासाठी चार्ली रेमंडला संस्थेतून परस्पर घेऊन निघतो. रेमंड विमानात बसण्यास नकार देतो. ‘क्वान्टास’ वगळता प्रत्येक कंपनीच्या अपघातांचा तपशील त्याला मुखोद्गत असतो. (अनेक विमान कंपन्यांनी हा चित्रपट प्रवाशांना दाखविताना नेमका हा प्रसंग वगळला होता.) त्यामुळे काही तासांचा प्रवास जुन्या ब्यूकमधून काही दिवसांचा होतो. ठरलेल्या वेळी ठरलेला दूरचित्रवाणी कार्यक्रम, ठरलेले जेवण, पाऊस असेल तर बाहेर न पडणे, या रेमंडच्या नियमांपुढे चार्लीची घाई निष्प्रभ ठरते.

प्रवासातील एका रात्री कथेचे मर्म उलगडते. संकटात धीर देणारा ‘रेन मॅन’ नावाचा कोणी काल्पनिक सोबती आपल्याला लहानपणी होता, असे चार्लीला अंधूकपणे आठवत असते. प्रत्यक्षात तो ‘रेमंड’ या नावाचा बोबडा उच्चार निघतो. तान्ह्या चार्लीला गरम पाण्याने इजा होईल, या भीतीपोटी रेमंडला घराबाहेर पाठविण्यात आले होते. ज्याला आपण कधी भाऊ मानले नाही, त्याने आपल्यापायी घर गमावले, ही जाणीव चार्लीला बदलून टाकते.

प्रेरणा : किम पीक

पटकथाकार बॅरी मॉरो यांना या व्यक्तिरेखेची प्रेरणा १९८४मध्ये किम पीक यांच्या भेटीतून मिळाली. पटकथेचे सहलेखन रोनाल्ड बास यांनी केले. युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे १९५१मध्ये जन्मलेल्या पीक यांना हजारो पुस्तकांतील मजकूर स्मरणात होता. मात्र, पीक स्वमग्न नव्हते. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा मज्जातंतूंचा जुडगा त्यांच्यात जन्मतःच नव्हता. चित्रपटात मात्र रेमंड स्वमग्न दाखविण्यात आला आणि त्याला पीक यांची स्मरणशक्ती बहाल करण्यात आली.

आणखी एक फरक अधिक बोलका आहे. किम यांना संस्थेत ठेवावे, असा सल्ला डॉक्टरांनी त्यांच्या आईवडिलांना दिला होता. त्यांनी तो मानला नाही. चित्रपटाच्या यशानंतर वडील फ्रॅन पीक यांनी किम यांच्यासह ठिकठिकाणी दौरे केले. मॉरो यांनी आपली ऑस्कर बाहुली किम यांच्या स्वाधीन केली आणि हजारो लोकांनी ती हाताळली. डिसेंबर २००९मध्ये किम यांचे निधन झाले.

स्वमग्नतेचे चित्रण

चित्रपटाच्या सल्लागारांमध्ये डॅरॉल्ड ट्रेफर्ट आणि बर्नार्ड रिमलंड हे तज्ज्ञ होते. मुलाच्या स्वमग्नतेला आईचा भावनिक कोरडेपणा कारणीभूत असतो, या एकेकाळी प्रबळ असलेल्या समजाला रिमलंड यांनी १९६४मधील आपल्या ग्रंथात आव्हान दिले होते. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. असामान्य कौशल्य साधारणतः दहांपैकी एका स्वमग्न व्यक्तीत आढळते, असा त्यांचाच १९७८मधील अंदाज होता. म्हणजे रेमंड हा नियम नसून अपवाद आहे. जमिनीवर सांडलेल्या २४६ दातकोरण्या तो क्षणात मोजतो, हा प्रसंग प्रेक्षकांच्या कायम लक्षात राहिला. ‘तुमच्या मुलाला काय विशेष येते?’ हा प्रश्न त्यानंतर असंख्य पालकांच्या वाट्याला आला.

हॉफमन यांचा अभिनय मात्र या चमत्कारांवर उभा नाही. नजर टाळणे, एकच वाक्य पुनःपुन्हा उच्चारणे, अस्वस्थ होताच विनोदी नाट्यप्रवेशातील संवाद निर्विकारपणे म्हणत राहणे, अशा बारकाव्यांतून त्यांनी रेमंड उभा केला. रेमंड शेवटपर्यंत फारसा बदलत नाही. बदलाचा सारा भार क्रूझ यांच्या भूमिकेवर आहे. तरीही ऑस्करचे नामांकन त्यांच्या वाट्याला आले नाही.

सन्मान

आठ नामांकनांपैकी सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता (हॉफमन) आणि मूळ पटकथा असे चार ऑस्कर पुरस्कार चित्रपटाने १९८९मध्ये पटकावले. त्याच वर्षी बर्लिन महोत्सवातील ‘सुवर्ण अस्वल’ हा सर्वोच्च सन्मानही त्याला लाभला. सुभाष घई यांच्या ‘युवराज’ (२००८) या हिंदी चित्रपटातही वारसाहक्कावरून दुरावलेल्या भावांची आणि त्यांतील एका स्वमग्न भावाची (अनिल कपूर) कथा आहे.

अनुत्तरित प्रश्न

अखेरीस रेमंडचे पालकत्व कोणाकडे असावे, याची चौकशी होते. मानसोपचारतज्ज्ञ (ही छोटी भूमिका लेव्हिन्सन यांनीच केली आहे) त्याला विचारतो : भावाजवळ राहायचे आहे का? रेमंड ‘हो’ म्हणतो. वॉलब्रुकला परत जायचे आहे का? त्यालाही उत्तर ‘हो’च. चार्लीने तोवर अडीच लाख डॉलरचा देकार नाकारलेला असतो. पैसा आता त्याला नको असतो, भाऊ हवा असतो. परंतु भावाचे हित कशात आहे, याचे उत्तर प्रेमातून आपोआप मिळत नाही, हेही त्याला उमगते. रेमंड रेल्वेने संस्थेत परततो आणि दोन आठवड्यांत भेटायला येण्याचे वचन चार्ली देतो.

आईवडिलांच्या पश्चात काय, हा प्रश्न भारतीय पालकांनाही सतावतो. स्वमग्न व्यक्तींसह अन्य काही विकलांग प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद येथे १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने झाली. २०१६च्या विकलांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश झाला. कायदा पालक नेमू शकतो. भेटीला येणारा भाऊ मात्र घरातूनच लाभावा लागतो. फलाटावर मागे राहिलेला चार्ली हेच सांगून जातो.