साडीतली मरिया

डिचोलीच्या एका शाळेत मी इतिहास शिकवितो. काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुमारास मी वर्गाला गोठ्यातल्या बाळ येशूचे चित्र काढावयास सांगितले. बहुतेकांनी निळ्या झग्यातली, गोऱ्या वर्णाची मरिया काढली. एका मुलीने मात्र तिला काष्ट्याचे लुगडे नेसविले, केसांत अबोलीची फाती माळली आणि गोठ्याशेजारी माड उभा केला. वही पुढे करून तिने विचारले, "सर, हें चुकलें?" मी म्हणालो, "पुस्तकात आहे तसे काढ."

ते उत्तर मला आजही बोचते; कारण गोव्याच्या एका थोर चित्रकारालाही एकदा असेच उत्तर मिळाले होते.

आंजेलो द फोन्सेका हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म १९०२ साली सांत इस्तेव्ह, म्हणजे आपल्या जुवें बेटावर, एका कॅथलिक घराण्यात झाला. त्या बेटावरून मांडवीपलीकडे पाहिले की आमचा डिचोली तालुका दिसतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते दाखल झाले. परंतु तेथील पाश्चात्त्य धाटणी त्यांच्या मनाला मानवली नाही. ते शांतिनिकेतनला गेले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बसू यांच्या हाताखाली शिकले. गोव्यात परतले ते मनाशी एक निश्चय करूनच. ख्रिस्तचरित्र रंगवावयाचे, पण ते या भूमीच्या रेषेत आणि या भूमीच्या रंगांत.

वस्तुतः यात विपरीत असे काय होते? पेडणे आणि डिचोली हे तालुके पोर्तुगीज अमलाखाली अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. त्यामुळे येथे देवळांतील जुनी कला पाहावयास मिळते. मोरजीच्या मोरजाई देवळासारख्या ठिकाणी कावीचे काम आहे. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा पातळ थर द्यावयाचा आणि तो ओला आहे तोच टोकदार हत्याराने खरवडावयाचा, म्हणजे खालचा चुना उघडा पडून आकृती उमटते. त्या कारागिरांनी आपली नावे मागे ठेविली नाहीत. ठेविली ती आपल्या पायांखालची माती.

ख्रिस्ती परंपरेतही हा प्रयत्न जुनाच. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापून प्रसिद्ध झाले. ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत आली आणि भाविकांनी ती आपली मानली. चित्र आणि मूर्ती यांच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने ख्रिस्ती प्रतिमा हिंदू कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली होती. तरीही स्थानिक हातांनी कोरलेल्या कित्येक प्रतिमांत इकडचे डोळे, इकडचे ओठ नकळत उतरले. अर्थात ते नकळत. कथेने ओवीचा वेष घेतल्यानंतर तीनशे वर्षांनी फोन्सेकांनी मरियेला उघडपणे साडी नेसविली.

ही गोष्ट गोव्यातील तत्कालीन धर्माधिकाऱ्यांना रुचली नाही. फोन्सेकांना जन्मभूमी सोडावी लागली. पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाने त्यांना आसरा दिला. हा आश्रम त्यांच्या पंथाचा नव्हता, अँग्लिकन पंथाचा होता, हे विशेष. मुंबईचे जेझुइट इतिहाससंशोधक फादर हेरास यांनीही त्यांची पाठराखण केली. पुण्यात राहून त्यांनी शेकडो चित्रे रंगविली आणि मरियेचा विषय पुनःपुन्हा हाती घेतला. विवाहानंतरच्या अनेक चित्रांत तिला त्यांच्या पत्नी आयव्ही यांचा चेहरा लाभला आहे. टीकाकारांना ज्या चित्रांत धर्माशी केलेली आगळीक दिसली, त्याच चित्रांत चित्रकाराचे सारे घर होते. सोडावे लागलेले आणि नव्याने मिळालेले, अशी दोन्ही घरे त्यांत होती. त्या चित्रांचा त्यांच्या लेखी काय अर्थ होता, हे सांगावयास मला तरी याहून वेगळा पुरावा लागत नाही.

पुढे काळ पालटला. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सर्व वंशांच्या व प्रदेशांच्या कलेला चर्चमध्ये मोकळीक असावी, असे जाहीर केले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६७ साली, फोन्सेका पुण्यास निवर्तले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आयव्हीबाईंनी पुढे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सोपविला. जो चित्रकार गोव्यातून गेला, तो अशा रीतीने आपल्या चित्रांच्या रूपाने गोव्यात परत आला.

श्रोतेहो, ती मुलगी शाळा सोडून केव्हाच गेली. तिचे चित्र तिने माझ्या सांगण्यावरून खोडले होते. ते मला आता परत मिळणार नाही. पण दर डिसेंबरात मी वर्गाला फोन्सेकांची मरिया दाखवितो आणि मगच कागद वाटतो. गेल्या नाताळात एका मुलाने भीतभीत वही पुढे केली. चूक की बरोबर, हे मी सांगितले नाही. "हा चेहरा कोणाचा?" एवढेच विचारले.

"माझ्या आईचा," तो म्हणाला.

मी ते चित्र वर्गाच्या भिंतीवर लावले.