समीप छायाचित्रणासाठी घरगुती स्टुडिओ

नाणी, बिया, दागिने, फुले यांसारख्या लहान वस्तूंची जवळून छायाचित्रे घेण्यासाठी घरीच केलेल्या मांडणीस समीप छायाचित्रणाचा घरगुती स्टुडिओ म्हणता येईल. वस्तू लहान असल्याने खिडकीलगतचे एक मेज त्यासाठी पुरते. महागड्या साधनांपेक्षा स्थैर्य आणि प्रकाशाची दिशा यांनाच येथे अधिक महत्त्व असते.

स्थैर्य

संवेदकावर पडणारी प्रतिमा प्रत्यक्ष वस्तूएवढी असल्यास त्या प्रमाणास १:१ म्हणतात. या प्रमाणात पूर्ण चौकटीच्या (३६ × २४ मिमी) कॅमेऱ्यात एफ/८ हे छिद्रमान ठेवले, तरी सुस्पष्ट दिसणारा भाग जेमतेम १ मिमी खोलीचा असतो. भिंग पुढे सरकल्याने संवेदकापर्यंत पोहोचणारा प्रकाशही सुमारे एक-चतुर्थांशच उरतो. छिद्र फार लहान केल्यास विवर्तनामुळे बारकावे पुसट होतात. त्यामुळे प्रकाशनकाळ वाढवावा लागतो आणि तिपाई अनिवार्य ठरते. बटण दाबताना बसणारा धक्का टाळण्यासाठी २ सेकंदांचा टायमर लावतात. छताचा पंखाही बंद ठेवलेला बरा.

खास मॅक्रो भिंग नसल्यास कॅमेरा व भिंग यांमध्ये विस्तारनळ्या बसवतात. त्यांत काच नसते, म्हणून त्या स्वस्त असतात. ५० मिमी भिंगास १:१ प्रमाणासाठी ५० मिमी लांबीची नळी लागते.

प्रकाश

थेट ऊन न येणारी खिडकी उत्तम. प्रकाश मृदू करण्यासाठी ट्रेसिंग पेपर, तर सावली उजळण्यासाठी समोर पांढरा पुठ्ठा उभा करतात. खिडकीच्या उजेडात दिव्याचा उजेड मिसळल्यास रंग बिघडतात.

झिजलेल्या शिवराईसारख्या तांब्याच्या नाण्यास मात्र असा मृदू प्रकाश मानवत नाही. कॅमेरा नाण्याच्या अगदी वर, पृष्ठभागास समांतर ठेवून एका बाजूने तिरपा प्रकाश सोडल्यास अक्षरांच्या सावल्या पडतात व ‘छत्रपति’ हा लेख वाचता येतो. हा प्रकाश चौकटीच्या वरच्या बाजूने यावा. खालून आल्यास उठावाची अक्षरे कोरल्यासारखी खोलगट भासतात. चित्र उजळ यावे म्हणून नाणे चिंचेने घासणे अत्यंत गैर होय, कारण तांब्यावर चढलेला जुना थर एकदा गेला की पुन्हा मिळत नाही आणि झिजलेली अक्षरे आणखी झिजतात. अभ्यासासाठी घेतलेल्या चित्रात वस्तूशेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी, अन्यथा आकाराचा अंदाज येत नाही.