उपासनावस्त्रे, कॅथलिक
कॅथलिक धर्मगुरू मिस्साविधीच्या वेळी परिधान करतात ती वस्त्रे. पायघोळ शुभ्र आल्ब, गळ्यातून सोडलेला स्टोल हा पट्टा व त्यांवरील चॅझुबल ही त्यांतील प्रमुख होत. चॅझुबलचा उगम रोमनांच्या ‘पेनुला’ ह्या घोळदार झग्यात आढळतो. पुढे हातांच्या हालचालींसाठी ते बाजूंनी कातरले जाऊन, विशेषतः सोळाव्या शतकानंतर, आखूड, ताठ व जरतारी बनले. जुने गोवे येथील ख्रिस्ती कला संग्रहालयात पोर्तुगीज अमदानीतील भरजरी उपासनावस्त्रे जतन केली आहेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक संविधानाने (१९६३) वस्त्रांचे कापड व आकार स्थानिक चालीरीतींनुसार ठरविण्याचा अधिकार प्रादेशिक धर्माध्यक्ष-मंडळांना दिला. भारतासाठी १९६९ मध्ये रोमने संमत केलेल्या बारा अनुकूलनांत साधा झगा व अंगवस्त्रासारखा स्टोल यांचा अंतर्भाव होता. त्यांवर हिंदूकरणाचा आक्षेप काही कॅथलिकांनीच घेतला. प्रदेशातील नैसर्गिक धाग्यांचे कापड विधीच्या प्रतिष्ठेस साजेसे असल्यास नियमांना मान्य आहे; त्यामुळे सेवाग्राममुळे (१९३६) खादीशी निगडित झालेल्या वर्धा जिल्ह्यात खादीचे उपासनावस्त्र तत्त्वतः निषिद्ध ठरत नाही. ‘आधुनिक’ म्हणविले जाणारे घोळदार चॅझुबल आकाराने प्राचीन असून ‘पारंपरिक’ मानलेले आखूड चॅझुबल उत्तरकालीन आहे, हे ह्या वादात बहुधा दुर्लक्षिले जाते.