पेन्शन : खैरात की हक्क?

पेन्शनशी मराठी माणसाची ओळख फार जुनी आहे. १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि सालीना आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. १८५१ मध्ये तो वारला. तनखा त्याच्या हयातीपुरताच होता, असे म्हणून कंपनीने दत्तकपुत्र नानासाहेबांना तो नाकारला. त्यांची कैफियत घेऊन १८५३ मध्ये अजीमुल्ला खान लंडनला गेले आणि रिकाम्या हाताने परतले. देणाऱ्याच्या मर्जीवरच्या पेन्शनीचे असेच होते.

खुद्द इंग्लंडातल्या गोरगरीब म्हाताऱ्यांनाही सरकारी पेन्शनीसाठी १९०८ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग पोस्टातून मिळू लागले.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, २००७ च्या अखेरीस, ब्रिटनमधले सात विमानतळ पेन्शनीसाठीच बंद पडायची वेळ आली. हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, साउदॅम्प्टन, ग्लासगो, एडिंबरा आणि ॲबरडीन हे विमानतळ चालवणारी ‘बीएए’ ही कंपनी २००६ मध्ये स्पेनच्या ‘फेरोव्हिआल’ने घेतली होती. ‘बीएए’ची जुनी योजना सरळ होती. नोकरीची वर्षे आणि अखेरचा पगार यांवर पेन्शन ठरे. बाजार कोसळला, माणसे जास्त जगली, तरी तूट कंपनीने भरायची. नव्याने लागणाऱ्यांना ही योजना नाही, असे कंपनीने ठरवले.

‘युनाइट’ या कामगार संघटनेच्या सभासदांनी संपाच्या बाजूने कौल दिला. ७, १४ आणि १७-१८ जानेवारी २००८ या तारखा जाहीर झाल्या. संपात उतरणाऱ्यांत अग्निशामक दलाचे जवान होते, सुरक्षा तपासणी करणारे होते. वैमानिक तयार, प्रवासी तयार, पण धावपट्टीवर बंब सज्ज नसेल तर प्रवासी विमाने उडवता येत नाहीत. त्या न दिसणाऱ्या माणसाचे मोल अशा वेळी कळते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या लोकांची स्वतःची पेन्शन त्या दिवशी कोणी काढून घेत नव्हते. जे अजून नोकरीला लागलेच नव्हते, त्यांच्यासाठी ते पगार बुडवायला निघाले होते. अर्थात, नवी भरती थांबलेली योजना उद्या आपल्यालाही पुरेल का, ही धास्ती होतीच.

वाटाघाटी झाल्या आणि जानेवारीच्या आरंभीच संप मागे घेतला गेला. विमाने उडत राहिली. पण जून २००८ च्या मध्यानंतर रुजू होणाऱ्यांसाठी जुनी योजना बंद झालीच. जुने सावलीत राहिले, नवे उन्हात.

आपल्याकडेही हेच घडले. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नोकरदारांना जुन्या पेन्शनीबाहेर ठेवले. त्याचा हिशेब मार्च २०२३ च्या राज्यव्यापी संपात मागितला गेला. पेन्शन ही खैरात नव्हे, केलेल्या सेवेचा हक्क आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सांगितले होते. ते मान्य असेल, तर एकाच टेबलावर तेच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाचे म्हातारपण बाजाराच्या हवाली का, याचे उत्तर कोणीतरी द्यायला हवे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)